विजोड भागांचे टेबल आणि अवयवीचा प्रश्न

अमेरिकेत पूल टेबलांची कारखानदारी एकोणिसाव्या शतकात वाढली. 1845 मध्ये सिनसिनाटीत सुरू झालेली ब्रन्सविकची कंपनी 1884 पर्यंत बाल्के आणि कॉलेंडर या प्रतिस्पर्ध्यांशी एकत्र झाली, आणि त्या काळातील वजनदार टेबले पुढे सुटी होत, विकली जात, पुन्हा जोडली जात हातोहात फिरत राहिली. त्यामुळे दुरुस्तीला आलेल्या एखाद्या जुन्या टेबलात खेळपृष्ठाची स्लेटची लादी एका टेबलाची, तिच्याभोवतीच्या लाकडी कडा, म्हणजे रेल, दुसऱ्याच्या आणि पाय तिसऱ्याचे असे आढळते. अशा टेबलाचा जीर्णोद्धार करू पाहणाऱ्या कारागिरापुढे तत्त्वज्ञानातील एक जुना प्रश्न अगदी ठोस रूपात उभा राहतो: जे या रूपात पूर्वी कधी एक नव्हतेच, ते पूर्ववत करणे म्हणजे नेमके काय करणे?

बौद्ध परंपरेचे उत्तर सुटसुटीत आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला, म्हणजे ग्रीक मिनँडरला, दाखवून देतात की आस, चाके, जू यांपैकी कोणताही भाग रथ नाही आणि त्यांच्याखेरीज रथ म्हणून वेगळे काही सापडतही नाही. रथ ही भागांच्या आधाराने केलेली प्रज्ञप्ती, म्हणजे व्यवहारापुरते ठेवलेले नाव आहे. या दृष्टीने मूळचे टेबल आणि विजोड टेबल ही दोन्ही नावेच ठरतात, आणि अस्सलपणाच्या आसक्तीला आधारच उरत नाही, हे या उत्तराचे मोठेपण आहे. मात्र सगळे भाग हजर असूनही टेबल खेळण्याजोगे नसते, ही कारागिराची अडचण त्याने पुरती उलगडत नाही.

न्याय-वैशेषिक दर्शन येथे अधिक बारकाईने पाहते. त्याच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांपासून बनलेले संपूर्ण द्रव्य, अवयवांहून वेगळे आणि नव्याने उत्पन्न झालेले असते. न्यायसूत्रांतील एक युक्तिवाद असा की एक भाग धरून ओढला असता सगळी वस्तू ओढली जाते. या उत्पत्तीला तीन प्रकारची कारणे लागतात: ज्यांच्या ठिकाणी कार्य राहते ते अवयव हे समवायिकारण, त्या अवयवांचा परस्परसंयोग हे असमवायिकारण, आणि कारागीर व त्याची हत्यारे ही निमित्तकारणे. विजोड टेबलाचे सारे दुखणे यांपैकी मधल्या कारणात असते. रेलवरील रबरी कुशनचे टोक चेंडूच्या व्यासाच्या 62.5 ते 64.5 टक्के उंचीवर असावे असा स्पर्धांचा दंडक आहे, 57.15 मिलिमीटर व्यासाच्या चेंडूसाठी ही उंची सुमारे 36 मिलिमीटर येते. टोक फार खाली असेल तर जोराचा चेंडू उसळतो आणि फार वर असेल तर तो पृष्ठावर दाबला जाऊन गती गमावतो. ही उंची एकट्या रेलचा गुण नाही आणि एकट्या लादीचाही नाही. एका लादीसाठी घडवलेली रेल दुसरीवर बसवली, तर दोन्ही निर्दोष असूनही ही उंची चुकू शकते आणि बोल्टची भोकेही जुळत नाहीत. लादीचे तीन तुकडे पाचरी सारून एका पातळीत आणणे, सांधे मेणाने भरणे, नवी भोके पाडणे हे सगळे काम संयोग घडवण्याचे आहे, आणि म्हणूनच जीर्णोद्धार या नावाखाली येथे अवयवी खरे तर पहिल्यांदाच उत्पन्न होतो.

यावर बौद्ध तार्किक म्हणतील की योग्य रीतीने जवळ आलेले भागच सगळे कार्य करतात, मग वेगळा अवयवी मानायचा कशाला? धर्मकीर्तीने चालवलेला आणि पंडित अशोकाने ‘अवयविनिराकरण’ या ग्रंथात मांडलेला हा विरोध सहज झटकण्यासारखा नाही. शिवाय न्यायमताला किंमतही मोजावी लागते: अवयव बदलताच जुना अवयवी नष्ट होऊन नवा उपजतो असे मानल्यावर रेल बदललेल्या टेबलाला काटेकोरपणे ‘तेच’ म्हणता येत नाही, आणि क्षणोक्षणी बदलणाऱ्या ज्योतीला ‘तीच’ म्हणतात तशी ही प्रतीतीही केवळ सजातीयतेवर उभी राहते. विजोड टेबलाच्या बाबतीत ही किंमत रास्तच आहे. तेथे मूळचे असण्याचा दावा करायला जागाच नसते, आणि भागांवरचे न जुळणारे क्रमांक खरवडून तो उभा करणे हे उघड असत्य होय.

सर्वांत नाजूक प्रश्न रंगाचा आहे: महॉगनीच्या रेल आणि ओकचे पाय एकाच गडद रंगाखाली झाकावेत काय? वैशेषिकांपुढे हाच पेच अनेकरंगी धाग्यांच्या वस्त्राच्या रूपाने आला होता. रूप, म्हणजे रंग, हा गुण आपल्या आश्रयाला संपूर्ण व्यापतो असे मानल्याने ते वस्त्र निळे की पिवळे हे सांगता येईना, म्हणून त्यांनी दोहोंहून वेगळे, सगळ्या वस्त्राला व्यापणारे ‘चित्ररूप’ स्वीकारले. नव्यन्यायातील रघुनाथ शिरोमणीने ते नाकारले आणि रूप द्रव्याच्या काही भागापुरतेही राहू शकते असे मानले. ही मते परस्परविरुद्ध असली, तरी वस्त्राचे एकत्व रंगांच्या भेदाने भंगते असे त्यांतले कोणतेही सांगत नाही. तेव्हा टेबल एक व्हावे म्हणून ओकवर महॉगनीचा रंग चढवण्याचे कारण कारागिराला यांपैकी कोणत्याही मतात सापडणार नाही.