दोन घासांचा हिशेब

‘बाळानं काल काय काय खाल्लं?’ आहार-सर्वेक्षणातला हा प्रश्न ऐकायला सोपा. उत्तर येतं, ‘वरणभात, दोन घास.’ मग घास केवढा, वाटी कुठली, पोटात किती गेलं आणि लाळेऱ्यावर किती सांडलं, अशी विचारपूस सुरू होते. अन्नातून लहान मुलांच्या पोटात किती शिसं जातं, याची बरीच गणितं शेवटी अशा आठवणींवर उभी असतात. अधिक काटेकोर अभ्यासात आईला सांगतात, बाळाला भरवाल तेवढंच एका डब्यात काढून ठेवा. तो डबा प्रयोगशाळेत जातो. पण डबा न्यायला कुणी येणार म्हटल्यावर त्या दिवशी घरात स्वयंपाक नेहमीसारखा होतो का, ही शंका उरतेच.

पुढची अडचण शून्याची. यंत्राच्या कुवतीपेक्षा शिसं कमी असेल, तर अहवालात ‘आढळलं नाही’ असं येतं. ते शून्य धरायचं, की यंत्राला दिसू शकणाऱ्या किमान मात्रेच्या निम्मं? कधीमधी खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थाचं ठीक आहे. भातासारख्या रोजच्या पदार्थात या एका निर्णयानं सगळी बेरीज पालटते.

मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा हिस्सा रक्तात उतरतो, लहान मुलांत तो निम्म्यापर्यंत जातो. लोह आणि कॅल्शियम कमी पडत असेल तर आणखी. ज्याच्या ताटात मुळात कमी, त्याच्याच अंगी हे विष जास्त लागतं.

आता हळदीचंच बघा. हळकुंड उकडतात, वाळवतात, फिरत्या पिंपात घोळवून त्याला पॉलिश करतात. निस्तेज हळकुंडाला भाव मिळत नाही, म्हणून काही ठिकाणी त्यावर लेड क्रोमेटचा पिवळाधमक रंग चढतो. ही उघड भेसळ. पण भेसळ बाजूला ठेवली, तरी आपल्याकडे हळदीत शिशाला दहा लाखांत १० भागांची मुभा आहे. म्हणजे मर्यादेवर असलेल्या पाव ग्रॅम हळदीत, एका चिमटीत, अडीच मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं मुलांसाठी सबंध दिवसाच्या सगळ्या आहाराची संदर्भ-पातळी २०२२ मध्ये ठरवली, ती २.२ मायक्रोग्रॅम! पाणी, भांडी, खाऊची पाकिटं यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे. कायदा एकेक पाकीट तपासतो. प्रत्येक पाकीट मर्यादेत असतं आणि मूल ती सगळी मिळून खातं. ‘मर्यादेच्या आत’ या शब्दांनी व्यापाऱ्याची काळजी मिटते, एवढंच त्यांचं काम, असं मला वाटतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २०१० मध्ये जुनी ‘सोसण्याजोगी’ मात्रा मागे घेतली. ती होती आठवड्याला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे २५ मायक्रोग्रॅम. तिच्या जागी नवा आकडा मात्र दिला नाही. जिच्याखाली मुलांच्या बुद्धीला धक्का पोचत नाही अशी पातळी त्यांना सापडलीच नव्हती. आकड्यांवर जगणाऱ्या मंडळींनी रकाना कोरा ठेवला, यात मोठा प्रामाणिकपणा आहे.

मोजमाप नीट झालं तर काय साधतं, हे बांगलादेशात दिसलं. खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं कुठून आलं, हे संशोधकांनी त्याच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून ताडलं. ते हळदीतल्या रंगाशी जुळलं. २०१९ मध्ये अन्नसुरक्षा अधिकारी हातातलं क्ष-किरण यंत्र घेऊन ढाक्याच्या घाऊक बाजारात उतरले, व्यापाऱ्यांना दंड झाला, वर्तमानपत्रांतून इशारे छापले गेले. बाजारातल्या नमुन्यांत शिशाच्या भेसळीची हळद ४७ टक्के होती, ती २०२१ पर्यंत शून्यावर आली.

रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडांतलं मात्र दशकानुदशकं मुरून राहतं. ज्या मुली ती हळद खाऊन वाढल्या, त्यांच्या गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम निघू लागलं की त्याबरोबर शिसंही रक्तात उतरतं आणि नाळेतून पोटातल्या बाळाकडे जातं. म्हणून बाजार साफ झाल्यावरही तिथल्या बायकांचं रक्त तपासणं आणखी बरीच वर्षं थांबवता येणार नाही.