मुलांनी कशाला भ्यावे?

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझी नऊ वर्षांची नात आमच्याकडे राहावयास आली होती. रात्रीची जेवणे आटोपली की ती एका अ‍ॅनिमेशन मालिकेचे दोन भाग पाहत असे, आणि आजोबांनी शेजारी बसलेच पाहिजे असा तिचा हट्ट असे. पहिले काही दिवस मी वर्तमानपत्र हातात धरून बसलो. पुढे वर्तमानपत्र गळून पडले आणि मीही पाहू लागलो. एका रात्री मात्र माझा हात संच बंद करण्यासाठी पुढे गेला. पडद्यावर पौर्णिमेचे चांदणे पडले होते आणि एक वृद्धा एका मुलीचे हातपाय, त्या मुलीच्या इच्छेविरुद्ध, कळसूत्री बाहुलीसारखे हलवीत होती. ‘‘आजोबा, बंद नका करू,’’ नात म्हणाली. पण बोलताना तिने उशी छातीशी घट्ट आवळून धरली होती. मी संच बंद केला नाही. ते योग्य होते की अयोग्य, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळत आहे.

ती मालिका म्हणजे ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’. मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनित्झको या दोघा अमेरिकन चित्रकर्मींनी निर्माण केलेली ही मालिका निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर फेब्रुवारी २००५ ते जुलै २००८ या काळात दाखवली गेली. जल, पृथ्वी आणि अग्नी अशा तीन ‘ग्रंथां’त तिचे ६१ भाग विभागले आहेत. तिच्या कल्पित जगात चार लोकसमूह आहेत, आणि प्रत्येकातील काहींना आपापले महाभूत हातांच्या हालचालींनी वश करता येते. चारही महाभूते ज्याला वश होतात तो ‘अवतार’; शब्द आपल्याच संस्कृतातून गेलेला. आंग हा बारा वर्षांचा अवतार शंभर वर्षे हिमनगात गोठून पडतो. जागा होतो तेव्हा अग्निराष्ट्राने जगावर युद्ध लादलेले असते आणि त्याच्या वायुलोकांपैकी एकही माणूस जिवंत उरलेला नसतो. बालमालिकेच्या कथेचा पाया वंशसंहारावर रचलेला असावा, हेच मला प्रथम पचले नाही.

तिसऱ्याच भागात आंग आपल्या जुन्या मठात परततो. आपले कोणी तरी तेथे असेल, या आशेने तो धावत सुटतो, आणि त्याला सापडतो तो ग्यात्सो या त्याच्या लाडक्या गुरूचा सांगाडा. भोवती शत्रुसैनिकांची शिरस्त्राणे आणि हाडे पसरलेली. त्या सौम्य, थट्टेखोर भिक्षूने अखेरच्या घटकेला काय केले असेल, हे मालिका सांगत नाही. मोठ्यांना ते तत्क्षणी कळते. मुलांना बहुधा काही वर्षांनी कळत असावे.

अशा भयाच्या जागा या मालिकेत पुष्कळ आहेत, पण त्या सर्व एका जातीच्या नाहीत. पहिल्या ग्रंथाच्या शेवटी कोह नावाचे एक पुरातन भूत येते. त्याचे शरीर प्रचंड गोमेसारखे, आणि तोंडाच्या जागी एकामागून एक पालटणारे, चोरलेले मानवी चेहरे. त्याच्यापुढे जो कोणी भीती, आश्चर्य, हसू यांपैकी काहीही चेहऱ्यावर उमटू देईल, त्याचा चेहरा तो काढून घेतो. मला त्या दृश्याने खरोखर शहारे आले. नातीने मात्र दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी त्याचा खेळ करून टाकला. मी कोह, ती आंग. मी वेडीवाकडी तोंडे करावयाची आणि तिने दगडासारखे बसावयाचे. राक्षसाचे भय मुले अशी सहज गिळतात. ते बाहेरून आलेले असते, त्याला आकार असतो, आणि ज्याला आकार आहे त्याचा खेळ करता येतो.

झुकोच्या चेहऱ्यावरील व्रणाची कथा याहून निराळी. झुको हा अग्निराष्ट्राचा राजपुत्र. तेरा वर्षांचा असताना युद्धमंडळाच्या बैठकीत एक सेनापती नवशिक्या सैनिकांचा बळी देण्याची योजना मांडतो, तेव्हा हा मुलगा ‘हे अन्यायाचे आहे’ असे बोलून जातो. शिक्षा म्हणून त्याला द्वंद्वाला उभे केले जाते, आणि समोर उभा राहतो त्याचा स्वतःचा पिता. मुलगा गुडघे टेकतो, लढत नाही. पिता त्याचा चेहरा जाळतो आणि त्याला हद्दपार करतो. चित्रकारांनी येथे जे केले आहे ते पाहण्यासारखे आहे. तो चेहरा जळताना ते दाखवीत नाहीत. किंकाळी ऐकू येते, आणि दिसतात ती पाहणाऱ्यांची मुखे : काका मान फिरवतो, एक अधिकारी हसतो, आणि झुकोची धाकटी बहीण अझुला, तीही हसते. नातीने त्या रात्री एवढेच विचारले, ‘‘ती का हसली?’’ जळण्याविषयी तिने काही विचारले नाही.

मुलांना भिववणाऱ्या गोष्टी सांगाव्यात की सांगू नयेत, हा वाद फार जुना आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये आयांना ताकीद दिली आहे, की देव रात्री वेष पालटून हिंडतात असल्या कथा सांगून मुलांना भ्याड बनवू नका; परलोकाची भेसूर वर्णनेही कवींच्या काव्यांतून गाळून टाकावीत असे तो म्हणतो. त्याला शूर रक्षक घडवावयाचे होते. माझ्या आजीने प्लेटो वाचला नव्हता. संध्याकाळनंतर बावखलाच्या काठी जाल तर पाण्यातली बाई पाय धरून ओढील, असे ती आम्हाला सांगत असे, आणि आम्ही जात नसू. बुडून मरण्यापेक्षा भिऊन जगणे बरे, हा तिचा साधा हिशेब. जी. के. चेस्टरटन यांची बाजू या दोघांहून वेगळी. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात ते म्हणतात त्याचा आशय असा, की परीकथा मुलाला अजगराची ओळख करून देत नाहीत. अजगर त्याच्या मनात पूर्वीपासूनच असतो. परीकथा त्याला अजगर मारणाऱ्या संत जॉर्जची ओळख करून देते. मला हे म्हणणे वर्षानुवर्षे पुरेसे वाटत आले होते. त्या पौर्णिमेच्या रात्रीनंतर ते तितके पुरेसे वाटत नाही.

तो भाग तिसऱ्या ग्रंथातला, ‘द पपेटमास्टर’ या नावाचा, २००७ सालचा. आंगची चौदा वर्षांची मैत्रीण कटारा जलविद्येत निपुण आहे. दक्षिण ध्रुवावरील तिच्या टोळीतील जलविद्या जाणणाऱ्या सगळ्यांना अग्निराष्ट्राने धरून नेलेले. तिच्या पिढीत ती एकटीच उरलेली. शत्रूच्या मुलखात तिला हामा नावाची वृद्ध खानावळवाली भेटते आणि ती आपल्याच टोळीतली निघते. कटाराचा आनंद गगनात मावत नाही. आपल्या मायभूमीची विद्या शिकवणारे कोणी तरी वडीलधारे तिला प्रथमच भेटत असते. हामा तिला हवेतून पाणी ओढावयास शिकवते. मग फुलांनी बहरलेल्या एका माळावर ती हात फिरवते. फुलांतले पाणी तिच्या हाती येते आणि भोवतालची फुले जागच्या जागी काळी पडतात. कटारा फुलांविषयी हळहळते. हामा म्हणते, फुलेच तर आहेत.

माझ्या मते त्या भागातील सर्वांत भयावह क्षण तो आहे. पुढचे सारे त्या एका वाक्यातून ओघानेच येते. हामाला वर्षानुवर्षे कोरड्या हवेच्या पिंजऱ्यात कोंडले होते. पाणी पाजतानासुद्धा तिचे हातपाय बांधले जात. अशा स्थितीत तिला उमगले, की प्राण्याची कातडी ही पाण्याने भरलेली पिशवीच आहे. पौर्णिमेच्या रात्री, तिची शक्ती परमावधीला असताना, तिने आधी उंदरांच्या अंगातले रक्त वश केले, नंतर पहारेकऱ्यांच्या. सुटल्यावर ती शत्रूच्याच गावी राहिली आणि दर पौर्णिमेला गावकऱ्यांना त्यांच्याच पायांनी चालवीत नेऊन डोंगरातील गुहेत डांबू लागली. कटारा ही विद्या शिकण्यास नकार देते. तेव्हा हामा आंग आणि सोक्का यांना, म्हणजे कटाराचा मित्र आणि तिचा सख्खा भाऊ यांना, एकमेकांच्या अंगावर सोडते. भावाच्या हातात उपसलेली तलवार असते. आणि कटारा, दुसरा मार्ग न उरल्याने, त्याच विद्येने हामाला गुडघ्यावर आणते. दोघांचे प्राण वाचतात. गावकरी हामाला बेड्या घालून नेतात. जाताना ती आनंदाने हसते, कारण तिचे काम झालेले असते. कटारा हुंदके देऊन रडू लागते, आणि भाग तेथे संपतो.

चेस्टरटन यांचा हिशेब येथे चुकतो. अजगर हरला, पण ज्या हाताने तो हरला त्या हातात अजगराचे काही तरी उतरले. मुलाला आपण नेहमी सांगतो की वाईट माणसाला भी. त्या म्हातारीला नुसती वाईट तरी कसे म्हणावे? तिच्यावर झालेला अन्याय खरा होता, तिचा क्रोध खरा होता, आणि त्या अन्यायातून व क्रोधातूनच तिचे हात असे झाले. जिच्यावर अन्याय झाला ती निर्दोषच असणार, हे गृहीत धरण्याची आपल्याला फार सवय आहे. आपल्या स्वतःच्या बाबतीत तर विशेषच.

त्या रात्री नात आजीच्या कुशीत जाऊन झोपली. सकाळी फोनवर हे कळल्यावर माझी मुलगी माझ्यावर रागावली. ‘‘पपा, नऊ वर्षांच्या पोरीला हे कशाला दाखवायचं? कळायच्या वयात कळेलच की.’’ तिचे म्हणणे खोटे नाही. बालपण थोडे असते, आणि मुलांसाठी म्हणून जे जे काढले जाते ते ते मुलांना पेलतेच असेही नाही. शिवाय या भागाचा शेवट सांत्वन न करताच होतो. शेजारी कोणी बसलेले नसेल, तर ते रडणे घेऊन मुलाने जावे कोठे? आज बहुतेक मुले हे एकटीच, हातातल्या फोनवर पाहतात. मला संच बंद न करण्याचे धैर्य झाले ते मी तेथे बसलो होतो म्हणून. ती एकटी असती तर मीही मुलीच्याच बाजूने बोललो असतो.

तरीही मुलीचे एक गृहीतक मला मान्य नाही. कळण्याचे वय नऊच्या पुढे कोठे तरी सुरू होते, असे ती मानते. नऊ वर्षांच्या मुलीच्याही वाट्याला शाळेत कोणी तरी छळणारे आलेले असते. तिने त्याचा सूड मनात योजलेला असतो, कधी उगवलेलाही असतो, आणि तो उगवताना वाटलेली गोडी तिला ठाऊक असते. या गोडीला भ्यावे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. गोमेसारख्या राक्षसाची कथा ते सांगू शकत नाही. हामाची सांगते.

आणि मालिका कटाराचे ते रडणे विसरून जात नाही. आठ भागांनंतर, २००८ सालच्या ‘द सदर्न रेडर्स’ या भागात, आपल्या आईचा वध करणाऱ्या माणसाचा माग कटाराला लागतो. आईने मुलीला वाचवण्यासाठी ‘जलविद्या जाणणारी ती मीच’ असे खोटे सांगून मरण पत्करले होते. शोधात असताना कटारा एका सेनाधिकाऱ्यावर तीच रक्तविद्या चालवते, या वेळी कोणाचा जीव वाचवण्यासाठी नव्हे, आणि तो माणूस भलताच निघतो. खरा मारेकरी सापडतो तेव्हा तो एक निवृत्त, भेकड म्हातारा झालेला असतो. ‘हवे तर माझ्या आईला मार, म्हणजे फिटंफाट होईल,’ असे सुचवण्यापर्यंत त्याची मजल जाते. कटारा पावसाचे थेंब गोठवून त्यांचे भाले करते, त्याच्या अंगावर सोडते आणि शेवटच्या क्षणी थांबवते. ती त्याला मारत नाही. त्याला क्षमाही करीत नाही, आणि आंग तिच्या क्षमाशीलतेचे कौतुक करू लागतो तेव्हा ती त्याला स्पष्टपणे तसे सांगते. क्षमेवरची प्रवचने आयुष्यभर ऐकलेल्या माझ्यासारख्याला हा प्रामाणिकपणा प्रथम बोचला. मग वाटले, हात थांबणे आणि हृदय वळणे या दोन घटना आहेत, आणि त्या एकाच दिवशी घडल्या पाहिजेत असे आपण मुलांना उगाच सांगत आलो.

या मालिकेत मला खरोखर खटकते ते निराळेच. अखेरच्या भागांत अझुला, तीच हसलेली धाकटी बहीण, चौदा वर्षांची, भ्रमिष्ट होते. तिला आरशात आई दिसू लागते. शेवटी साखळीने जखडलेली ती जमिनीवर आक्रोश करीत असते, आणि झुको व कटारा नुसते पाहत राहतात. तिच्या पराभवाचा आनंद प्रेक्षकाला मिळू दिला जात नाही, हे उत्तम. परंतु त्या क्षणानंतर मालिका तिला तेथेच सोडून विजयाच्या उत्सवाकडे जाते. हामाचेही तसेच. तिला पुन्हा त्याच राष्ट्राच्या बेड्या पडतात, ज्याने तिला पिंजऱ्यात ठेवले होते, आणि पहिल्या कैदेविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. कटारासाठी आठ भागांनंतर परतणाऱ्या लेखकांना हामासाठी एकदाही परतावेसे वाटले नाही.

सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशी नातीची पिशवी भरण्याचे काम चालले होते. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती एकाएकी म्हणाली, ‘‘आजोबा, त्या म्हातारीला परत तुरुंगात नेलं ना, मग तिला पाणी कसं देत असतील?’’

मी म्हणालो, ‘‘हात बांधून देत असतील.’’

‘‘परत?’’ तिने विचारले, आणि घडी घालावयाचा सदरा तसाच हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली.