रथाची मोगरी

॥ रामकृष्ण हरि ॥

शांती हा शब्द ‘शम्’ धातूपासून झाला. शमणे म्हणजे निवणे. ताप निवतो, तसे चित्त निवले म्हणजे शांती. दुसरा शब्द ‘स्वस्थ’. जो स्व-मध्ये, आपल्या ठिकाणी राहिला तो स्वस्थ. म्हणून शास्त्राने आरोग्याला स्वास्थ्य म्हटले. द्वेषाने किंवा भयाने माणूस आपल्या ठिकाणावरून उठला, की अंगात ताप नसला तरी तो आजारीच समजावा. आपल्या मुसलमान शेजाऱ्याच्या ‘सलाम’ आणि ‘इस्लाम’ या शब्दांचे अरबी मूळही एकच, आणि त्यातही शांतीचा, क्षेमाचा अर्थ आहे. दोन घरी औषध एकच. पुड्या तेवढ्या निराळ्या बांधल्या.

हल्ली ठिकठिकाणी सर्व धर्मांच्या माणसांसाठी शांतीची केंद्रे काढतात. इमारत होते, फलक लागतो, भाषणे होतात. चांगलेच आहे. परंतु केंद्र कशाला म्हणावे, एवढाच विचार आज पहूरच्या आणि भोवतालच्या माळकरी मंडळींपुढे ठेवतो.

आपली वाघूर कोठून येते पाहा. अजिंठ्याच्या लेण्यांपाशी डोंगराला वळसा घालून ती खाली पहुराकडे येते. इसवी सनापूर्वी २ ऱ्या शतकापासून इसवी सनाच्या ५ व्या शतकापर्यंत तेथे लेणी कोरली गेली. पावसाळ्यात बौद्ध भिक्षू एका ठिकाणी राहत. आपला चातुर्मास तसा त्यांचा वर्षावास. तेथल्या ४ क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वराची मूर्ती आहे आणि तिच्या बाजूंना आठ महाभयांत सापडलेली माणसे कोरली आहेत. हत्ती अंगावर आला की माणूस त्याला हाक मारतो. सिंह, सर्प, अग्नी, चोर आला तरी त्यालाच. आम्ही म्हणतो, नववे भय कोरायचे राहिले; ते शेजाऱ्याचे! हत्ती आज कोणाच्या दारी येत नाही. पण पलीकडच्या गल्लीतला माणूस रात्री आपल्यावर चालून येईल, हे भय एका अफवेसरशी गावात शिरते. आणि गंमत अशी, की पलीकडची गल्लीही त्याच भयाने जागी असते.

या नवव्या भयावरचा उतारा आपल्या जळगावात आहे. संत अप्पा महाराजांनी १८७२ साली श्रीरामाचा रथ सुरू केला. कार्तिक शुद्ध एकादशीला, प्रबोधिनीला, जुन्या गावातून रथ निघतो. अप्पा महाराजांचा आणि लालशा बाबा या मुसलमान सत्पुरुषाचा स्नेह होता, अशी परंपरेची आठवण आहे. म्हणून रथ भिलपुऱ्यात बाबांच्या समाधीपाशी थांबतो. रामाच्या रथाकडून समाधीवर फुलांची चादर चढते आणि मुसलमान बांधव रथाचे स्वागत करतात. दीडशे वर्षे उलटली, तरी ही रीत टिकून आहे. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखीसुद्धा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. पहिली अभंग-आरती तेथेच होते. म्हणजे वारीतल्या माणसाला ही गोष्ट कोणी बाहेरून शिकवायची नाही.

आता रथाकडे नीट लक्ष द्या. रथ ओढायला शेकडो हात असतात. दोर हाती आला की अंगात आपोआप बळ येते, जयघोषाने ते दुणावते. पण रथ थांबतो कशाने? मोगरीने. चाकाखाली लाकडाची मोगरी घालणारे थोडेच असतात. चाक फिरते आहे, मागून रेटा आहे, आणि नेमक्या जागी, नेमक्या क्षणी मोगरी घालायची. जरा चुकले तर हातपाय जायचे. ओढणाऱ्याचा उत्साह मोठा खरा, पण मोगरीवाल्याच्या धैर्यावर सगळा रथ सुखरूप चालतो.

क्रोध हाही एक रथच आहे. त्याला ओढायला गाव लोटते. एकाने हाळी दिली की दहा जण दोर धरतात. तेव्हा चाकाखाली मोगरी घालणारा कोण, हा प्रश्न आहे.

कोणी शंका घेईल, ‘‘महाराज, रथ थांबत होता, तरी १९७० साली काय झाले?’’ शंका रास्त आहे. ती झाकून कीर्तन करणे खोटे. त्या वर्षी मे महिन्यात भिवंडीत दंगल पेटली आणि लगोलग जळगावातही आग लागली. जळगावात ४० हून अधिक माणसे मेली. त्यांत जवळजवळ सगळी मुसलमान होती. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. ज्या गावात रथ थांबत होता त्याच गावात हे घडले. मग परंपरा व्यर्थ म्हणायची काय?

नाही. वैद्याने दिलेली मात्रा रोज घ्यायची असता वर्षातून एकदाच घेतली, तर दोष मात्रेचा की रोग्याचा? एकादशीला रथाला मोगरी लागली. बाकीचे दिवस मनाच्या रथाला कोणी लावली? थांब्याने वाट दाखवली. त्या वाटेने रोज चालायचे काम रथाचे नव्हे, आपले आहे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दर्ग्यात काय, देवळात काय, अंगाऱ्याने क्षय बरा होत नाही, साप उतरत नाही. ज्वर आला तर डॉक्टराकडे जावे, सर्प चावला तर दवाखाना गाठावा. नाम त्या ठिकाणी औषधाशी स्पर्धा करीत नाही. नामाचा प्रांत निराळा. ज्याच्या घरचा माणूस दंगलीत गेला, त्याच्या मनातली आग कोणत्या गोळीने निवायची? तेथे कोणी तरी जवळ बसावे लागते. आपल्या घरची भाकर घेऊन जावी लागते. तो रागाने बोलला तर ऐकून घ्यावे लागते. हीच खरी सुश्रूषा. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थच ऐकण्याची इच्छा असा आहे!

तेव्हा केंद्राला मोठी इमारत नको. पेठेत असो की कसब्यात, एक पार पुरे. तीन नेम सांगतो. एक, पलीकडच्या गल्लीत आजारी कोण, मयत कोण, याची विचारपूस एकादशीच्या उपवासासारखी पाळावी. दुसरा, भांडण झालेच तर पुढच्या एकादशीच्या आत मिटवावे. शिळे वैर घेऊन विठ्ठलापुढे उभे राहू नये. तिसरा सर्वांत कठीण. अफवा आली की ती पुढे ढकलू नये. दोन्ही बाजूंच्या चार वडीलधाऱ्यांनी आधी पारावर एकत्र बसावे, खरेखोटे पाहावे, मग बोलावे. हीच ती मोगरी. ती घालताना आपलेच लोक ‘भित्रा’ म्हणतील. म्हणू द्या. चाकाखाली हात घालणारा भित्रा नसतो.

ज्ञानोबा माउलींनी पसायदानात खळांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढेच मागितले. माणूस राहावा आणि वैर जावे, अशी ती मागणी. ती ओठांनी आपण नित्य म्हणतो. प्रबोधिनीला देव जागा होतो म्हणतात. त्या दिवशी भिलपुऱ्यात रथ थांबलेला पाहाल, तेव्हा हात जोडताना नजर चाकाकडेही जाऊ द्या. मोगरी घालणाऱ्या त्या हातांनाही नमस्कार करा, आणि आपल्या गावी तसे दोन हात तयार आहेत ना, याची चौकशी करा.

॥ रामकृष्ण हरि ॥