आधी तोल, मग पेडल

एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणारं पुणे आज मोटारींनी भरून गेलंय. अशा रस्त्यांवर मुलांना पाठवण्याआधी त्यांना सायकल नीट शिकवू या. सीट इतकी खाली घ्या, की दोन्ही पावलं जमिनीवर टेकतील. पान्याने पेडल काढून ठेवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे ध्यानात असू द्या. मोकळ्या मैदानात मूल पायांनी रेटत पुढे जाईल आणि वेगाबरोबर त्याला तोल सापडेल. मग ब्रेक हळुवार दाबायला शिकवा आणि पेडल पुन्हा बसवा. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर, पट्टा घट्ट. आपण मुलांना सावरायला शिकवू आणि आपली गाडीही त्यांच्यासाठी सावकाश हाकू. रस्ता त्यांचाही आहे.