जनीची वाकळ आणि बाळाचे टोपडे

दान द्यावे, हे वारकऱ्याला नव्याने सांगायला नको. पंढरीच्या वाटेवर भाकरी देणारे हात आपण पाहतो, थकलेल्याचे पाय चेपणारे हातही पाहतो. पण दानाच्या पोटात एक प्रश्न असतो आणि तो आपण सहसा स्वतःला विचारीत नाही. देताना माप कोणाचे घ्यायचे? देणाऱ्याच्या हौसेचे, की घेणाऱ्याच्या गरजेचे?

मोठ्या दानात हा प्रश्न झाकून जातो. लहान दानात तो उघडा पडतो. म्हणून आज एका अगदी वीतभर दानाचा विचार करू. इस्पितळातल्या नवजात बालकांच्या कक्षासाठी काही मायबहिणी घरी बसून टोपडी, पायमोजे, लंगोट, दुपटी करून देतात. मूल कोणाचे, कोणत्या गावचे, मुलगा की मुलगी, काही ठाऊक नसते.

ही गरज किती मोठी आहे ते आधी पाहू. सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मते ते अपुऱ्या दिवसांचे मूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मली. त्यांतली सर्वांत जास्त, सुमारे ३० लाख, आपल्या भारतात. आईच्या पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत बाळाच्या अंगावर चरबी धरते. या मुलांना ते आठवडेच लाभलेले नसतात. कातडी पातळ, वजन थोडे, आणि अंगाच्या मानाने डोके मोठे; मग ऊब भराभर निघून जाते. होती नव्हती ती शक्ती अंग गरम राखण्यातच सरली, तर बाळाने वाढावे कशाच्या बळावर?

यावरचा पहिला उपाय मात्र टोपडे नव्हे. पहिला उपाय आईची छाती. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची रीत सुरू केली. कांगारू आपले पिलू पोटाच्या पिशवीत बाळगते, त्यावरून तिला नाव पडले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की अशा मुलांना जन्मापासून, होईल तितक्या लवकर, दिवसाचे आठ ते चोवीस तास ही ऊब द्यावी. त्या वेळी बाळाच्या अंगावर लंगोट, टोपडे आणि पायमोजे, एवढेच असते. तेव्हा विणणाऱ्या बाईने पहिली खूणगाठ ही बांधावी, की आपण आईची जागा घेत नाही. आपण आईच्या हाताखाली उभ्या आहोत.

आता कोणी म्हणेल, "अहो, बाजारात टोपडी मिळतात की! पैसे द्या न् मोकळे व्हा." ज्यांना पैसे देणे जमते त्यांनी अवश्य द्यावेत, त्यात उणे काही नाही. पण दुकानातले टोपडे बहुधा पूर्ण दिवसांच्या बाळाचे. त्याच्या डोक्याचा घेर चौतीस-पस्तीस सेंटिमीटर असतो. आठव्या महिन्यात आलेल्याचा तीसच्याही आत असू शकतो. मोठे टोपडे डोळ्यांवर उतरते आणि ऊबही राहत नाही. हाताने केलेल्याचे मोल इथे आहे. हात माप घेऊ शकतो.

आणि नेमका इथेच हात चुकतोही. आपल्याला वाटते, टोपड्याला मणी लावावे, झालर सोडावी, नाडीला रेशमी गोंडा बांधावा. बघणारा म्हणेल, काय सुरेख! पण मणी सुटून बाळाच्या तोंडात गेला तर? नाडी गळ्याभोवती आली तर? टोचरी लोकर त्या पातळ कातडीला सोसेल का? ही सजावट बाळासाठी नसते, बघणाऱ्यासाठी असते. आणि बघणाऱ्यासाठी केलेले दान म्हणजे आपणच आपल्याला घातलेला हार.

जनाबाईची कथा आपण कीर्तनात ऐकली आहे. देव जनीच्या झोपडीत निजला आणि जाताना, घाईत म्हणा की लीलेने म्हणा, आपले रत्नपदक तिथे सोडून तिची वाकळ पांघरून गेला. पुढे जनीवर चोरीचा आळ आला, तिला सुळावर द्यायला नेले, आणि सुळाचे पाणी झाले. हा चमत्कार आपल्या ध्यानात राहतो. पण वाकळेकडे कोण पाहतो? चिंध्यांची ती वाकळ! कोणाला दाखवायला शिवलेली नव्हती. वापरून मऊ झालेली होती आणि ऊब देत होती. रत्ने मागे राहिली, वाकळ राउळात गेली. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची दुपटी करीत, त्यातही हेच शहाणपण होते. जुने सूत बाळाला मऊ लागते.

म्हणून ज्यांना ही सेवा करावी वाटते त्यांनी सुई हाती घेण्याआधी कक्षातल्या परिचारिकेला विचारावे. कोणते माप हवे, कोणता कपडा चालतो, किती लागतात. मग तसेच करावे. साध्या साबणाने धुऊन, उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत द्यावे. वर आपले नाव घालू नये.

सर्वांत अवघड गोष्ट आता सांगायची आहे. त्या कक्षातले प्रत्येक मूल घरी जातेच असे नाही. आपण विणलेले टोपडे ज्याच्या डोक्यावर चढले, ते बाळ दोनच दिवसांचे सोबती असू शकते. मग ते टोपडे वाया गेले काय? तसे वाटले तर समजावे, की आपण बाळाला दिले नव्हते, फळाला दिले होते. दोन दिवस आयुष्य असेल तर दोन दिवसांची ऊब हा त्या जीवाचा हक्कच आहे. बाळ वाचले की नाही हे आपल्याला बहुधा कळणारही नाही. न कळताही हात चालू ठेवणे, याला निष्काम म्हणतात. गीतेवरचे प्रवचन ऐकायला सोपे; एका टोपड्यात ते आचरायला कठीण.

नामदेवराय शिंपी, कबीर विणकर. सुईधागा आपल्या संप्रदायाला परका नाही. येत्या चातुर्मासात काही नेम धरायचा असेल तर हा धरून पाहावा. मुखी नाम असावे, हाती काम असावे. नामाच्या रंगात एखादा टाका सुटला, तर मात्र तो उसवून पुन्हा घालावा. पांडुरंग तेवढा वेळ थांबेल. विटेवर उभे राहायची त्याला सवय आहे.

रामकृष्णहरि.