राजाने न कळता प्यायलेलं तूप

उज्जैनचा राजा चंडप्रद्योत पांडुरोगाने अंथरुणाला खिळला, तेव्हा मगधाच्या बिंबिसाराने आपला वैद्य जीवक त्याच्याकडे पाठवला. राजाची अट एकच होती: काहीही द्या, पण तूप नको, त्याची मला किळस आहे. हा रोग तुपाशिवाय हटणार नाही, हे जीवकाला ठाऊक होतं. त्याने तुपात औषधी इतक्या कढवल्या की रंग, वास आणि चव काढ्याचीच राहिली. वनस्पती आणायच्या निमित्ताने हवं ते वाहन घेऊन हव्या त्या दरवाजाने बाहेर पडायची परवानगी त्याने आधीच मिळवली होती. काढा पाजला आणि भद्दवतिका हत्तिणीवर बसून तो निसटला. उलटी झाल्यावर राजाला तूप कळलं, तो संतापला, त्याने माणूस मागे धाडला. पण रोग बरा झाला, आणि शेवटी जीवकाला राजाकडून उंची वस्त्रं भेट गेली. पाली विनयपिटकातल्या महावग्गात ही कथा आहे.

आता चंडप्रद्योताच्या जागी एखादा मल्ल ठेवून पाहावा, आणि तुपाच्या जागी बंदी असलेलं औषध. त्याने ते मागितलं नाही, ओळखलं नाही, उलट नको म्हणून सांगितलं होतं. पण ते त्याच्या अंगात गेलं, अंगी लागलं. तो दोषी ठरतो का?

उज्जैनहून तासा-दीड तासावरच्या इंदूरमध्ये हा प्रश्न खराखुरा उभा राहिला. 22 फेब्रुवारी 2019 रोजी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेतल्या सामन्याच्या वेळी मुंबईच्या पृथ्वी शॉचा लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटालिन सापडलं. श्वासनलिका मोकळी करणारं हे औषध आपल्याकडच्या खोकल्याच्या कितीतरी सिरपांत असतं. पहिल्याच कसोटीत शतक ठोकलेला हा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. खोकला झाला म्हणून दुकानातून सिरप घेतलं, हे त्याचं म्हणणं क्रिकेट नियामक मंडळाने मान्य केलं. कामगिरी वाढवण्याचा हेतू नव्हता, हेही मान्य केलं. तरीही आठ महिन्यांची बंदी झाली, मागील तारखेपासून धरून 15 नोव्हेंबर 2019 पर्यंत. त्याआधी याच औषधासाठी बडोद्याच्या युसूफ पठाणला पाच महिन्यांची बंदी झाली होती.

हेतू नव्हता हे मान्य, आणि शिक्षाही कायम. यामागचं तत्त्व असं, की खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला तो स्वतः जबाबदार. ते कसं गेलं हे सांगायचं ओझंही त्याच्याच डोक्यावर. अनेकांना हे उघड अन्यायाचं वाटतं. पण हा वाद आधुनिक प्रयोगशाळांनी उकरलेला नाही. कर्म हेतूत की कृतीत, यावर श्रमण परंपरांमध्ये कडाक्याची भांडणं झाली आहेत. मज्झिमनिकायातल्या उपालिसुत्तात बुद्ध मनाच्या कर्माला सर्वांत भारी ठरवतात आणि निर्ग्रंथांची, म्हणजे जैनांची, बाजू शरीराच्या कर्माला. जैनांच्या सूत्रकृतांगात याची परतफेड आहे: भोपळा समजून कोणी बालकाला विस्तवावर भाजलं तर तुमच्या मते तो निर्दोष का, असा बौद्धांना बोचणारा सवाल तिथे येतो. हा सवाल झटकून टाकण्यासारखा नाही. बालक तर मेलंच ना.

गंमत म्हणजे हेतूला सर्वस्व मानणाऱ्या बौद्धांनीच आपल्या भिक्षूंसाठी एक नियम असा केला, की त्यात हेतू विचारलाच जात नाही. तो मद्याचा. इतर अनेक नियमांत ‘जाणून केलं नसेल तर दोष नाही’ अशी सूट असते. मद्याच्या बाबतीत मात्र, हे मद्य नाही असं समजून प्यायलं तरी दोष लागतोच. कारण उघड असावं: प्यायलेल्याला माहीत असो वा नसो, मद्य चढतंच. बंदी असलेल्या औषधाचंही तसंच आहे. समोर उभ्या प्रतिस्पर्ध्याला तुमचा हेतू भोगावा लागत नाही, तुमच्या अंगातल्या औषधाचा परिणाम भोगावा लागतो. म्हणून त्या दिवसाचा निकाल रद्द होणं, पदक परत जाणं, हे न्याय्यच आहे.

पण विनयाची, म्हणजे भिक्षूंच्या या नियमावलीची, पुढची पायरी क्रीडाजगताने नीट पाहावी अशी आहे. मद्याच्या या दोषाला शिक्षा काय? दुसऱ्या भिक्षूपाशी कबुली द्यायची, संपलं. आणि ज्या चार अपराधांना संघातून कायमची हकालपट्टी आहे, त्यांत हेतू असल्याखेरीज अपराधच ठरत नाही. म्हणजे जिथे मन तपासायचं नाही तिथे शिक्षा हलकी, आणि जिथे शिक्षा जन्माची तिथे मन तपासल्यावाचून पुढे जायचं नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेतही पायऱ्या आहेत. चूक नगण्य असेल तर नुसत्या समजेवर सुटता येतं. तरीही उमेदीच्या वयात आठ महिने आणि त्यासोबत कपाळावर बसणारा ‘डोपिंग’चा शिक्का ही कबुलीइतकी हलकी गोष्ट नव्हे. इथे निकाल रद्द करणं आणि माणसाला कलंक लावणं यांची गल्लत झाली आहे, आणि ती सोडवायला हवी.

सिडनी ऑलिंपिकमध्ये 2000 साली ती निदान अर्धी सुटली होती. रोमानियाच्या सोळा वर्षांच्या आंद्रेआ रादुकानला संघाच्याच डॉक्टरने सर्दीसाठी गोळी दिली, त्यात स्युडोएफेड्रिन निघालं. जिम्नॅस्टिक्समधलं तिचं सर्वांगीण सुवर्ण काढून घेतलं गेलं. तिच्यावर खेळायची बंदी मात्र घातली नाही. कारवाई डॉक्टरवर झाली.

आता औषध खरोखरच लागणाऱ्या खेळाडूचं काय? विनयात तोही प्रसंग आहे. पिलिंदवच्छ या भिक्षूला वाताचा त्रास होता, त्यावरच्या तेलात मद्य घालावं लागे. परवानगी मिळाली. मग काही भिक्षू जास्तच मद्य ओतू लागले, तेव्हा मर्यादा ठरली: मद्याचा रंग, वास, चव जाणवणार नाही इतकंच. जीवकाने राजापासून तूप ज्या तीन गोष्टींत लपवलं, त्याच तिन्ही इथे मोजमाप झाल्या. आज ते माप मायक्रोग्रॅमचं आहे. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल चोवीस तासांत 1600 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, त्यातही आठ तासांत 600 च्या वर नाही. टर्ब्युटालिनला मात्र अशी सूट नाही, पूर्वपरवानगी हवीच.

ही पूर्वपरवानगी म्हणजे उपचारासाठीची सवलत. निदान झालेलं हवं, दुसरा बिनबंदीचा उपाय नसावा, आणि औषधाने नेहमीचं आरोग्य परत यावं, त्याहून जास्त काही मिळू नये. तत्त्व चोख आहे, पण वापर तसाच चोख राहतो असं नाही. ब्रिटिश सायकलपटू ब्रॅडली विगिन्सने 2011 आणि 2012 ची टूर द फ्रान्स आणि 2013 ची इटलीतली जिरो या शर्यतींआधी अशाच परवानगीने ट्रायमसिनोलोन हे ताकदवान स्टेरॉइड टोचून घेतलं. 2016 मध्ये हॅकरांनी कागद फोडले तेव्हा ते जगाला कळलं. ॲलर्जी आणि दम्यासाठीच घेतलं, नियमात घेतलं, असं त्याचं म्हणणं. ब्रिटिश संसदेच्या समितीने 2018 मध्ये ठरवलं की त्याच्या संघाने नैतिक रेषा ओलांडली. नियम मोडला नव्हता, हेच त्यातलं खरं दुखणं.

सवलत मागायची सर्वांत स्वच्छ रीत उज्जैनच्या अवंती देशातच सापडते. बुद्धांचा शिष्य महाकच्चायन हा उज्जैनच्या राजपुरोहिताचा मुलगा. आमच्याकडची जमीन काळी, टणक, गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, भिक्षूही थोडे आहेत, तेव्हा जाड तळव्यांच्या वहाणा चालाव्यात, दीक्षेला दहाऐवजी पाच भिक्षू पुरावेत, अशी विनंती त्याने केली. ती मान्य झाली. नियम मोडण्याआधी, कारण उघड सांगून, आणि एकट्यासाठी नव्हे तर त्या मुलखातल्या सगळ्यांसाठी.

आजच्या उज्जैनला हे थेट लागू पडतं. मराठ्यांच्या आखाड्यांत वाढलेला मल्लखांब इथे खोल रुजला आहे. इथले प्रशिक्षक योगेश मालवीय यांना 2020 चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, आणि 2023 च्या सुरुवातीला खेलो इंडियातली मल्लखांब स्पर्धा याच शहरात झाली. एरंडेल चोपडलेल्या खांबावर चढणारी ही पोरंही आता राष्ट्रीय उत्तेजकविरोधी यंत्रणेच्या कक्षेत आहेत. विगिन्सच्या पाठीशी संघाचा डॉक्टर होता. इथल्या मुलाला खोकला झाला की तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो, आणि बाटलीवर टर्ब्युटालिन हे नाव बारीक इंग्रजी अक्षरांत असतं. विचारायची जबाबदारी त्याच्यावर टाकायची असेल, तर आधी विचारायला कोणीतरी त्याच्या हाकेच्या अंतरावर बसवावं लागेल: स्पर्धेच्या नोंदणीबरोबरच औषधांची चौकशी करणारा आणि सवलतीचा अर्ज भरून देणारा डॉक्टर. त्याचा खर्च मुलाच्या घरच्यांनी नव्हे, स्पर्धा भरवणाऱ्यांनी उचलायचा.