माजघर आणि मागची बैठक

कोकणातले आमचे घर गेल्या वैशाखात रिकामे करावयाचे ठरले, तेव्हा भांडीकुंडी, पाट, फडताळातले जुने दस्तऐवज यांची वाटणी भावंडांत बिनतक्रार झाली. परंतु ओटीवरच्या झोपाळ्याची पाच फुटी सागवानी फळी आणि तिच्या पितळी कड्या पुण्यास कशा न्यावयाच्या, हा प्रश्न शेवटपर्यंत तसाच राहिला. एका फळीसाठी टेम्पो करणे परवडणारे नव्हते, ती टपावर बांधून कुंभार्ली घाट चढावा तर आईच्या जिवाला घोर, आणि खुद्द आईलाही त्याच खेपेत आणावयाचे होते. अखेरीस माझ्या लहानशा मोटारीच्या मागच्या बैठकीचा मोठा भाग मी पुढे पाडला, डाव्या हाताची पुढची सीट रुळावरून सरेल तितकी सारली, गोधडीत गुंडाळलेली फळी मागच्या दारातून आत लोटली, आणि उरलेल्या लहान भागावर, माझ्या पाठीमागे, आई बसली. फळी आणि आई शेजारीशेजारी मावली, यापलीकडे त्या क्षणी मला काही सुचले नाही. पण पुढचे सारे वर्ष ती दुमडणारी बैठक माझ्या मनात घोळते आहे.

कारण ती मला त्याच घरातल्या माजघराची आठवण देते. माजघराला एकच असे काम कधी नव्हते. पहाटे तेथे अंथरुणांच्या वळकट्या होत, दुपारी पंगत बसे, तिसऱ्या प्रहरी सुपात तांदूळ निवडले जात, आणि रात्री पाहुण्यांसह दहाबारा माणसे तेथेच आडवी होत. त्या जागेवर कोणाचा मालकी हक्क नसे. असे ती केवळ वहिवाट, आणि तीही प्रहरागणिक बदलणारी. गिरणगावच्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत कोकणातून आलेल्या कुटुंबांनी हीच विद्या पुढे चालविली, म्हणूनच तेवढ्या जागेत त्यांचे संसार झाले. पुढे सदनिकांच्या नकाशांत प्रत्येक खोलीस नाव मिळाले, आणि नाव मिळताच ती खोली दुसऱ्या कामास जणू बिगरहक्काची झाली.

मोटारीचा नकाशाही आमच्याकडे दीर्घकाळ असाच नामांकित होता. अँबॅसेडर किंवा प्रीमिअर पद्मिनी आठवावी: पुढे चालक, मागे कुटुंब, त्यांच्यामागे न हलणारी पाठ, आणि पाठीपलीकडे डिकी. डिकीत न मावणारा जिन्नस टपावरच्या कॅरिअरवर ताडपत्रीखाली जावयाचा, कारण मागची बैठक रिकामी असली तरी ती माणसांची, हा अलिखित कायदा होता. हा कायदा प्रथम मोडण्याचे श्रेय एकट्या कोणास देता येणार नाही. परंतु त्यामागची गरज मला सर्वांत स्पष्ट दिसते ती फ्रान्सच्या खेड्यांत. सित्रोएन कंपनीचे प्रमुख पिएर-ज्यूल बुलांजे यांनी १९३० नंतरच्या दशकात आपल्या अभियंत्यांपुढे मागणी ठेवली ती शेतकऱ्याच्या गाडीची: पन्नास किलो बटाटे वाहणारी, आणि नांगरलेल्या शेतातून जाताना टोपलीतली अंडी न फोडणारी. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांसमोर आलेल्या त्या ‘टू सीव्ही’ची आसने नळ्यांच्या चौकटीवर कापड ताणलेली, इतकी हलकी की उचलून झाडाखाली मांडावीत आणि गाडीत गवत भरावे. १९६१ मध्ये रेनोने ‘फोर’ या गाडीला मागे पूर्ण दार दिले, १९६५ मध्ये ‘सिक्स्टीन’ या मोठ्या गाडीत आसनांच्या अनेक मांडण्या शक्य केल्या, आणि शेतकऱ्याची सोय मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात येऊन बसली. आमच्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, आणि बैठक व डिकी यांच्यामधली शीव हलू शकते, हे मराठी कुटुंबाने स्वतःच्या अंगणात पाहिले.

तथापि बैठक दुमडणे निराळे आणि भुई सपाट होणे निराळे, आणि या भेदाकडे खरेदीच्या वेळी पुरेसे लक्ष दिले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. पाठ नुसती पुढे पाडली तर ती गादीवर येऊन टेकते, गादीच्या जाडीइतकी पायरी तयार होते, आणि कपाट किंवा फळी त्या पायरीवर तिरपी, अर्धी अधांतरी राहते. गादी आधी उचलून पुढच्या सीटच्या मागे उभी करावी आणि मोकळ्या झालेल्या खळग्यात पाठ निजवावी, हा जुना आणि प्रामाणिक उपाय. डिकीचा तळ फळी घालून उंच करणे हा दुसरा. परंतु अडचणीचे मूळ पुष्कळदा अधिक खोल असते, कारण इंधनाची टाकी बहुधा मागच्या बैठकीखालीच असते आणि गादीला खाली सरकण्यास वाव उरत नाही. २००१ साली जपानात आलेल्या, आणि २००९ पासून जॅझ या नावाने भारतात विकल्या गेलेल्या होंडाच्या गाडीत ही टाकीच पुढच्या सीटांखाली नेली गेली. त्यामुळे पाठ पडताना गादी आपसूक खाली उतरे, आणि उलटपक्षी नाट्यगृहातल्या खुर्चीप्रमाणे गादी वर उचलली तर कुंडीतले उंच रोप सरळ उभे राही. एका टाकीची जागा बदलताच अवघ्या गाडीचा स्वभाव बदलावा, हे मला उत्तम वास्तुरचनेच्या तोडीचे वाटते. सामानाच्या जागेचे माप लिटरांत सांगण्याची वहिवाट आहे, आणि युरोपातल्या एका प्रचलित पद्धतीत ते लिटरभराचे ठोकळे डिकीत रचून मोजतात. परंतु ठोकळे पायरीवरही रचता येतात, फळी मात्र रचता येत नाही, म्हणून लिटरांच्या आकड्यापेक्षा पडलेल्या पाठीवर हात फिरवून पाहणे अधिक विश्वासाचे.

दुभंगणाऱ्या बैठकीची गोष्ट याहून नाजूक आहे. संपूर्ण बैठक एकाच तुकड्याची असली, तर सामान की माणसे, असा निवाडा करावा लागतो, आणि तो निवाडा बहुधा वृद्धांच्या विरुद्ध जातो: ‘या खेपेस तुम्ही राहा, पुढच्या वेळी नेऊ.’ साठ-चाळीसच्या विभागणीने हा प्रसंगच टळतो. असे असता ही विभागणी अनेक गाड्यांच्या महागड्या आवृत्तीत द्यावयाची आणि स्वस्तात अखंड बाक ठेवावयाचा, हा प्रघात मला अन्यायाचा वाटतो. ज्याच्या दारात दोन-तीन वाहने आहेत त्याला दुमडत्या बैठकीवाचून काही अडत नाही. ज्याच्या हयातीत एकच गाडी येणार, आणि त्याच गाडीतून मुलीला वसतिगृहात पोचवावयाचे, गव्हाचे पोते आणावयाचे, रुग्णाला दवाखान्यात न्यावयाचे, त्याचीच सोय कापून किंमत उतरविली जाते. गॅसवर चालणाऱ्या गाडीत तर डिकीत आडवी बसविलेली टाकी पडलेल्या पाठीच्या वाटेतच येते. अलीकडे दोन लहान टाक्या तळाशी निजविण्याची तजवीज काहींनी केली आहे, ती सर्वांनी उचलावी.

या मुभेसोबत एक जबाबदारी येते. मागची पाठ ही नुसती टेकण्याची वस्तू नव्हे, ती सामान आणि माणूस यांच्यामधला बांध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीत प्रत्येकी अठरा किलोचे दोन ठोकळे तिच्यामागे ठेवून टकरीत ती टिकते की नाही, हे तपासण्याची तरतूद आहे. पाठ पाडली की हा बांध आपण स्वहस्ते काढतो. म्हणून ती फळी मी तळाच्या आकड्यांना दोन दोरांनी आवळली होती, आणि कड्या आईच्या पायाशी पिशवीत ठेवल्या होत्या. नंतर पाठ उभी करताना खटका दोन्ही बाजूंनी लागला का, हे हाताने ओढून पाहावे. नुसत्या आवाजावर विसंबू नये.

घाटाच्या पहिल्या वळणावर आई म्हणाली, ‘‘अरे, हळू घे, कड्या वाजतायत.’’ मी वेग कमी केला. आरशात पाहिले तेव्हा तिने पिशवी मांडीवर घेतली होती, एक हात गोधडीवर ठेवला होता, आणि ओटीवर बसताना फळीच्या कडेला धरावे, तशी तिची बोटे तेथे टेकली होती. पाटणपर्यंत तिने तो हात काढला नाही.